प्रति: कर्ज फिटलंय ना, मग झालं
जुनी गाडी घेताना मेकॅनिकला दाखवून घ्या हे पटलं, पण वर कुणीतरी 'कर्ज फिटलंय ना, मग झालं' म्हटलंय, तिथं थांबा. मी जुळे सोलापुरातून एमएच १३ पासिंगची वॅगन आर घेतली. मालकाचे हप्ते खरंच संपले होते, तरी आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच! फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) आणि बँकेची एनओसी म्हणजे ना हरकत पत्र आरटीओत दिल्याशिवाय तो उतरत नाही. आणि मालक तोवर लेकाकडे पुण्याला. दीड महिना नुसती फोनाफोनी.

हां, विम्याचंही बघा. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत कंपनीला कळवायचं. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, मात्र विकणाऱ्याचा, आपल्याला मिळत नाही. प्रीमियम वाढणार हे धरूनच भाव करा.