विनोदी मालिका बघता बघता अचानक पोटात गोळा आणणारे भाग: तुमचे अनुभव

ओसरी
काल भाचा राहायला आला होता. मी मटार सोलत होते आणि तो हॉलमध्ये 'हाऊ आय मेट युअर मदर' बघत खिदळत होता. मग बराच वेळ काही आवाजच नाही. जरा वेळाने आत येऊन म्हणाला, "मावशी, ह्यांनी मार्शलच्या बाबांना मारलं." म्हटलं, लागला वाटतं तो भाग.

'बॅड न्यूज', २०११ चा. मार्शल आणि लिलीला मूल हवंय, तपासण्या चालू आहेत आणि डॉक्टर हुबेहूब बार्नीसारखा दिसतो, ह्यावर सगळा धुमाकूळ. मागे कुठे ना कुठे आकडे दिसत राहतात, ५० पासून उलटे. लक्षात आलं तरी वाटतं की शेवटी काहीतरी गंमत असणार. रिपोर्ट चांगला येतो. मार्शल खुशीत बाबांना फोन लावतो, तो लागत नाही. मग बारबाहेर लिली टॅक्सीतून उतरते, आणि तिचा चेहरा बघूनच कळतं.

माझे बाबा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. डोक्याला ताप नको, काहीतरी हलकंफुलकं बघू म्हणून मी मुद्दाम ही मालिका लावली होती! मार्शल म्हणतो की ह्याला माझी तयारी नाही, आणि भाग संपतो. मी लॅपटॉप बंद करून सरळ भांडी घासायला घेतली. स्वच्छ होती तीसुद्धा घासली.

तर मंडळी, हसायला बसलात आणि भलतंच झालं असे भाग सांगा. भाषेची अट नाही. आम्ही सगळे जुने आहोत, त्यामुळे शेवट फोडला तरी चालेल.

चकलीबहाद्दर
रुमाल टाकून ठेवतो. डबा भरून येतो.

पेठकर
स्क्रब्ज. बास. ज्यांना कळलं त्यांना कळलं.

गोदाकाठ
@पेठकर, ब्रेंडन फ्रेझरवाला ना? 'माय स्क्रू अप', २००४. त्याने केलेला बेन, म्हणजे डॉ. कॉक्सचा मेहुणा आणि जिवलग मित्र, म्हणतो की मरेपर्यंत कॅमेरा गळ्यातून काढणार नाही. नंतर तो दिसतो तेव्हा गळ्यात कॅमेरा नसतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. डॉ. कॉक्सला वाटतंय की आपण पोराच्या वाढदिवसाला चाललोय. मग बरोबरचा तरुण डॉक्टर जेडी विचारतो, "आपण कुठे आलोय असं वाटतंय तुम्हाला?" आणि कॅमेरा मागे जातो. कब्रस्तान!!

मी रेसिडेन्सीच्या काळात ड्युटी रूममध्ये बघितला. आम्ही चौघं होतो, कोणी काही बोललं नाही. एकजण उठून वॉर्डात राऊंडला गेला, वेळ झालेली नसताना. 'माय लंच' तर मी पुन्हा बघूच शकलो नाही. तीन रुग्णांना अवयव बसवतात आणि दात्याला रेबीज होता हे मागाहून कळतं. डॉक्टर मालिकांमध्ये सगळे नुसते धावत असतात. दुसऱ्या दिवशी परत कामावर कसं यायचं, ते ह्या विनोदी मालिकेने दाखवलं.

मीठभाकर
ओसरी, मिठी तुला. त्याच्या पुढच्या भागात बाबांचा शेवटचा व्हॉइसमेल आहे, बघितलास का? आधी नुसतीच खिशातली खरखर, चुकून लागलेला फोन. त्यावर मार्शल भडकतो, आणि मग बाबांचा आवाज येतो.
माझ्याकडे वडिलांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा शेवटचा आवाज असा आहे: "अगं दळण आणलंस का? ज्वारी वेगळी सांग हां, गव्हावर दळतो तो मेला." फोन बदलला की सगळ्यात आधी ते जपून ठेवते.

ओसरी
@मीठभाकर 😭 गव्हावर दळतो तो मेला 😂 दोन्ही एकदम झालं बघ

न्यूजर्सीकर
मोबाइलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.
मी इथेच वाढलो. 'डिफरंट स्ट्रोक्स' पुनःप्रक्षेपणात लागायची. त्यात 'द बायसिकल मॅन' म्हणून दोन भागांची गोष्ट आहे, १९८३ ची. सायकलच्या दुकानाचा मालक अगदी प्रेमळ, पोरांना आइस्क्रीम देतो, लाड करतो आणि हळूहळू जाळ्यात ओढतो. मध्ये मध्ये प्रेक्षकांचं हसू चालूच, ते आता ऐकवत नाही.
पण खरी गोष्ट आजीची. भारतातून आली होती, इंग्रजीचा गंध नाही. सोफ्यावर बसून माझ्या स्वेटरची बटणं लावत होती. दुकानदार पहिल्यांदा हसून आर्नल्डशी, म्हणजे त्यातल्या पोराशी, बोलला, तेवढ्यावर मान वर करून म्हणाली, "हा माणूस बरा नाही रे." मी म्हटलं, आजी, विनोदी आहे ते. तर म्हणे, "असू दे. तू असल्या दुकानात एकटा जाऊ नकोस." पहिला भागही संपायचा होता तेव्हा. आईला नंतर विचारलं की आजीला कसं कळलं. आई म्हणाली, बायकांना कळतं, आणि विषय बदलला.

काकू६२
आजी बरोबर बोलली. आमच्या वेळी हे सांगायची सोय नव्हती. असे भाग इथेही दाखवायला हवे होते.

रातकिडा
थोडा विरोधी सूर लावतो. अमेरिकेत हे 'खास भाग' म्हणून आठवडाभर आधीपासून वाजवायचे. एकदा दारू, एकदा ड्रग्ज, एकदा अपघात. बावीस मिनिटांत प्रश्न सुटला, शेवटी कलाकार कॅमेऱ्याकडे बघून हेल्पलाइन सांगणार आणि पुढच्या आठवड्यात सगळे ठणठणीत! 'सेव्ड बाय द बेल'मध्ये १९९० साली जेसीला कशाचं व्यसन लागलं होतं? कॅफीनच्या गोळ्यांचं. लेखकांना खरं ड्रग दाखवायचं होतं, वाहिनी नको म्हणाली. मग ती पोरगी गाणं म्हणता म्हणता रडते आणि आपण बघतोय, कॉफीसाठी एवढं? आमच्या घरी सकाळचा चहा चुकला तर ह्याहून मोठा तमाशा होतो.

चकलीबहाद्दर
आलो. चहावरून आठवलं, आमच्या ऑफिसचं मशीन बंद पडलंय तेव्हापासून माणसं एकमेकांशी बोलायला लागलीत.
विषयावर: फ्रेश प्रिन्स. विलचा बाप चौदा वर्षांनी येतो, बरोबर नेतो म्हणतो आणि परत टांग देतो. विल आधी काही नाही झालं असं दाखवतो. मी त्याच्याशिवाय शिकलो, त्याच्याशिवाय कमावेन, पोरं होतील त्यांना त्याच्यापेक्षा चांगलं वाढवेन. आणि शेवटी अंकल फिलला, ज्याच्या घरी तो राहतो, विचारतो की त्याला मी का नको? फिल काही समजूत घालत नाही. नुसता जवळ ओढतो. एरवी उठसूट शिट्ट्या मारणारे प्रेक्षक तिथे गप्प आहेत.
ऐकलंय की विल स्मिथचा खरा बापही असाच सोडून गेला होता, म्हणून ते रडू खरं आहे.

पेठकर
@चकलीबहाद्दर नाही हो. ती फिरणारी कहाणी आहे. त्याच्या वडिलांचा रेफ्रिजरेशनचा धंदा होता आणि मुलाच्या आयुष्यात ते होते. अभिनय आहे तो, १९९४ चा. उलट श्रेय जास्त द्यायला हवं.

सांजवात
चकलीबहाद्दर, तो भाग मी अर्धाच बघितलाय. बाबा माझ्या सहावीच्या वर्षी 'पुण्याला जाऊन येतो' म्हणून गेले. मला शेवटचं दृश्य लोकांनी सांगून सांगून पाठ झालंय. त्याने बापासाठी भेटवस्तू आणलेली असते, बाप आणि मुलाचा पुतळा, त्यावर कॅमेरा थांबतो म्हणे. असो. माझा अंकल फिल म्हणजे मामा. अजूनही दर रविवारी फोन करून "पेट्रोल भरलंस का" विचारतो.

मीठभाकर
@सांजवात मामाला आमच्यातर्फे एक साष्टांग.

अण्णा_सातारकर
सर्वांना नमस्कार. मुलाने लंडनहून ब्लॅकअ‍ॅडरच्या सीडी आणल्या होत्या. चौथं पर्व पहिल्या महायुद्धाचं. खंदकातून सुटायला ब्लॅकअ‍ॅडर एकेक युक्ती काढतो, सगळ्या फसतात, आपण हसून हसून बेजार. शेवटच्या भागात, तो १९८९ च्या नोव्हेंबरात दाखवला, वेड लागल्याचं सोंगही चालत नाही. बॉल्ड्रिक म्हणतो की माझ्याकडे एक युक्ती आहे. एरवी त्यावर त्याला शिव्या पडायच्या. ह्या वेळी ब्लॅकअ‍ॅडर म्हणतो, थांबावं लागेल. आणि शिट्टी वाजते, सगळे वर चढतात. धूर. संथ होत गेलेलं चित्र. मग तिथे पॉपीची फुलं.
आमच्या जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे म्हणून गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. त्यांची कोणी मालिका काढली नाही, विनोदी नाही की गंभीर नाही. मी निवृत्त सुभेदार आहे. शिट्टीची वाट बघणं म्हणजे काय, ते लेखकाला कोणीतरी नीट सांगितलेलं दिसतं.

काकू६२
अण्णा, सलाम. 🙏

टंकाळा
अण्णांनंतर लिहायला संकोच वाटतोय, पण युद्ध निघालंच आहे तर कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरच्या 'मॅश'शिवाय धागा अपुरा. १९७५, तिसऱ्या पर्वाचा शेवट. इस्पितळाचा प्रमुख हेन्री ब्लेक लष्करातून मोकळा होऊन घरी निघतो. सगळे चिडवतात, मिठ्या मारतात, हेलिकॉप्टर उडतं. झालं असं वाटतं. मग ऑपरेशन थिएटरात रडार नावाचा कारकून येतो, तोंडाला मास्क नाही. डॉक्टर ट्रॅपर आधी त्यावरूनच ओरडतो, मास्क लाव. रडार कागद वाचतो: हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं, कोणी वाचलं नाही.
ते पान बहुतेक कलाकारांना शूटिंगच्या ऐन वेळेपर्यंत दिलंच नव्हतं. आणि डॉक्टर काम थांबवत नाहीत, समोर फाडलेलं पोट आहे. मागे कुठेतरी एक हत्यार खाली पडल्याचा आवाज येतो. तो चुकून पडला होता म्हणतात, तसाच ठेवला.
वाहिनीच्या हट्टापायी ह्या मालिकेत डबाबंद हसू होतं, पण थिएटरच्या दृश्यांत नाही, असा निर्मात्यांचा हट्ट. त्यामुळे हसू थांबलं की आपलं अंग आपोआप आखडायचं. १९८३ च्या शेवटच्या भागातली कोंबडीची गोष्ट मी इथे लिहीत नाही. बस, बाई, कोंबडी. बघितलेल्यांना पुरे.

रातकिडा
@टंकाळा ह्याला मात्र मान्यता. मेला तो मेला, पुढच्या आठवड्यात परत आणला नाही. प्रेक्षकांनी संतापून पत्रं धाडली तरी नाही.

गोदाकाठ
कोंबडी 😔

अबोली
मराठी-हिंदीत असं काही? मला 'हम पाँच'च आठवतं. लहानपणी कळलंच नाही की भिंतीवरच्या फोटोतून अशोक सराफांशी बोलणारी बाई म्हणजे मेलेली पहिली बायको आहे. हार घातलेला फोटो! आणि आम्ही हसतोय. नंतर २००२ मध्ये प्रिया तेंडुलकर खरंच गेल्या, तेव्हा आई म्हणाली, "आता तो फोटो बघवणार नाही."
आणि 'श्रीमान श्रीमती'. जतीन कनाकिया १९९९ मध्ये गेले, रीमाताई २०१७ मध्ये. आता लावली की कथेत काही दुःख नसतानाही मीच ते घेऊन बसते.

पेठकर
@अबोली सतीश शाह गेले तेव्हा 'साराभाई'च्या मंडळींनी त्यांना निरोप देताना मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं. तो व्हिडिओ बघितला. सुमीत राघवन वगैरे सगळे. त्यांच्या इंद्रवदनला आवडलं असतं, सुनेने, मोनिशाने, सूर चुकवला असता तर जास्तच.

काकू६२
आमचा नातू तारक मेहता बघत जेवतो. डॉ. हाथी गेले तेव्हा (२०१८) आम्ही सांगितलं नाही. दुसरे हाथी आले तर पठ्ठ्या म्हणतो, "आजी, हे बारीक झाले." मी म्हटलं, हो, डाएट. तेव्हापासून भेंडी खातो.

चकलीबहाद्दर
काकू 😂😂 भेंडीसाठी वाट्टेल ते

कोकणकडा
'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' कोणी बघता का? आजोबांचं काम करणारे लेनर्ड पिअर्स १९८४ मध्ये वारले, तर लेखकाने आजोबांचा अंत्यविधीच मालिकेत आणला. सगळे डोळे पुसताहेत, नातू डेल आणि रॉडनी आजोबांची लाडकी टोपी खड्ड्यात सोडतात. नंतर कळतं की टोपी पाद्रीबाबांची होती!
आमच्या काकांच्या दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. ऊन रणरणतंय. मुलीचं लग्न लावू म्हणून झालं, काकूला सांभाळू म्हणून झालं, कावळा झाडावरून हलेना. शेवटी चुलतभाऊ वैतागून म्हणाला, "बाबा, तुमची स्कूटर विकणार नाही!" आणि आला की हो. सगळा घाट हसला. काकूसुद्धा, पदर तोंडात धरून.

मीठभाकर
@कोकणकडा 🤣🤣🤣 ऑफिसात वाचतेय, सगळे बघताहेत

सांजवात
कावळ्याला शंभर टक्के माहीत होतं

अबोली
फ्युचरामाचा कुत्रा कोणी लिहू नका हां. विनंती.

रातकिडा
सेमोर. मालकाची वाट बघत पिझ्झाच्या दुकानाबाहेर १२ वर्षं.

अबोली
@रातकिडा मनुष्य आहात का तुम्ही

उशिरा_आलेला
सगळं वाचलं नाही, कोणी 'डायनोसॉर्स' लिहिलंय का? रबरी डायनोसॉरांचं कुटुंब, ते पिल्लू बापाच्या डोक्यात तवा घालतं ती. १९९४ चा भाग. कंपनी आपल्या नफ्यासाठी एका जातीच्या किड्यांची पैदास बंद पाडते, वेली माजतात, त्या मारायला औषध फवारतात तर सगळी झाडंच जातात. मग पाऊस पाडायला ज्वालामुखीत बॉम्ब टाकतात. हिमयुग. शेवटी घरात सगळे गारठून बसलेत आणि बाप माफी मागतोय. लहान मुलांची मालिका हो ही! बातमी वाचणारा शुभरात्री म्हणतो आणि संपली.

गोदाकाठ
@उशिरा_आलेला आमचा धाकटा आत्ता डायनोसॉरचा नाइटसूट घालून झोपलाय आणि मी हे वाचतोय. धन्यवाद.

टंकाळा
@कोकणकडा ते स्कूटरचं अर्धवट राहिलं. कुठली होती? आणि आहे की गेली?

कोकणकडा
लॅम्ब्रेटा. पार्किंगमध्ये आहे. भाऊ दर दसऱ्याला झेंडूचा हार घालतो, चालवत कोणी नाही. मध्ये भंगारवाला विचारत आला होता तर काकूने गॅलरीतूनच सांगितलं, "नको रे बाबा, कावळे बघताहेत."