कोळसून, कोळसुंदा की रानकुत्रा?

प्रश्न : परवा 'रानकुत्र्यांनी शेळ्या फाडल्या' अशी बातमी वाचली. फोटोत मात्र गावातलीच मोकाट कुत्री, शेपट्या वळलेली. मग जंगलातल्या त्या तांबड्या प्राण्याला म्हणायचं काय? हल्ली 'ढोल' असंही वाचायला मिळतं, पण 'ढोलांची टोळी' म्हटलं की मला गणपतीची मिरवणूकच दिसते!

उत्तर : कोळसून म्हणा. शब्द आपलाच आणि जुना आहे. १८३१ साली इंग्रज लष्करी अधिकारी कर्नल साइक्सने दख्खनच्या या प्राण्याचं वर्णन छापलं, तेव्हा मराठी लोक त्याला 'कोळसून' म्हणतात हे त्याने नोंदवलं होतं. 'ढोल' इंग्रजीतून आलाय, आणि त्याचं मूळ कोशकारांनाही नीट सापडलेलं नाही.

– शेपटीचा झुपका काळा असतो. त्या 'कोळशा'वरून नाव पडलं असेल का?

– ऐकायला छान आहे, पण नुसत्या नादावरून व्युत्पत्ती लावू नका. बाकी सगळं अंग तांबूस, त्याचं काय करणार? तमिळमध्ये तर सरळ 'सेन्नाय', म्हणजे लाल कुत्रा.

– आमच्याकडे चंद्रपूर भागात 'कोळसुंदा'च ऐकलाय. म्हातारी माणसं सांगायची, कोळसुंदे शेपटीवर मुततात आणि ती वाघाच्या डोळ्यांत झटकतात. वाघ आंधळा होतो. खरं नाही हो, पण टोळीपुढे एकटा वाघ बिचकतो हे लोकांनी पाहिलेलं असणार.

– 'रानकुत्रा' चूक नाही, घोटाळ्याचा आहे. हा आपल्या कुत्र्याचा रानटी भाऊ नव्हेच, त्याची प्रजातच वेगळी. कुत्र्याला दात ४२, याला ४०; खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक दाढ कमी. आणि त्याच्याबद्दल लिहिताना 'भुंकला' म्हणू नका. झाडीत पांगलेली टोळी शीळ घालून एकत्र येते, म्हणून 'शीळ घातली'च बरोबर.

– मादीसाठी 'व्याली' चालेल ना?

– चालेल की. साधारण दोन महिन्यांनी, बहुतेक हिवाळ्यात, बिळात किंवा कपारीत विते. एका वेताला चार-पाच पिल्लं, कधी दहाच्याही वर. ती एकट्या आईच्या गळ्यात पडत नाहीत. टोळीतले बाकीचेही पोटात मांस भरून आणतात आणि पिल्लांपुढे ओकतात. इथे 'भरवणे' लिहिलं तर डोळ्यांपुढे चिऊ-काऊचा घास येतो; 'ओकून घालणे' लिहा, किळस वाटली तरी. पुढे पिल्लं शिकारीपर्यंत येऊ लागली की मोठे बाजूला सरतात आणि आधी त्यांना खाऊ देतात. 'क्रूर' हे विशेषण या प्राण्याला कायमचं चिकटलंय, कारण तो सावज जिवंतपणीच फाडतो. मला ते विशेषण आळशीपणाचं वाटतं.

– अनेकवचन? 'कोळसुंदा'चं 'कोळसुंदे' सोपं आहे, 'कोळसून'चं जिभेला अडतं.

– म्हणून मी 'कोळसुनांची टोळी' लिहितो. षष्ठीत सुटका होते.