पुण्यात हडपसर गाडीतळाजवळचा आपला बार: आठवणी येऊ द्या

जुना_हडपसरकर
काल पाहिलं, बारच्या गाळ्यात मोबाईल कव्हरचं दुकान थाटलंय. पाटी उतरवली, पण भिंतीवर 'परमिट रूम'चा डाग अजून वाचता येतो. बाबा किर्लोस्कर न्यूमॅटिक कारखान्यात होते, पहिली पाळी सुटली की तिथं टेकून मग घरी. आई मला बोलवायला धाडायची. गल्ल्यावरचे अण्णा आत येऊ द्यायचे नाहीत, दारातच मूठभर खारे शेंगदाणे हातावर ठेवायचे. 1 एप्रिल 2017ला महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारू विकायची नाही, हा सुप्रीम कोर्टाचा आदेश लागू झाला, सोलापूर रस्त्यावरचे बार बंद, त्यात हाही गेला. लिहा तुमच्याही.

खमंग_काकडी
मसाला पापड!!! कांदा एवढा बारीक कोण चिरायचं देव जाणे. बाकी नंतर, कुकरच्या शिट्ट्या मोजतेय.

फुरसुंगीचा_पाव्हणा
2017ला नाही गेला हो. जुलैत कोर्टानंच सांगितलं, महापालिका हद्दीला आदेश लागू नाही. उघडला की परत. पण जुने वेटर गावी गेलेले, नव्या पोरांना कोण काय घेतं ते ठाऊक नाही. आधी टेकलं की न सांगता क्वार्टर आणि सोडा यायचा. कायमचं शटर 2020च्या लॉकडाऊनमध्ये पडलं.

झब्बू
2017च्या त्या आदेशावेळी केरळात एका बारवाल्यानं दारापुढं चक्रव्यूह बांधून अंतर वाढवलं होतं. आपल्या गाडीतळाला कुठला चक्रव्यूह, रिक्षा लावायला जागा नाही.

पेठेतला_भाचा
आमच्या काकांकडे दारू पिण्याचा आजन्म परवाना होता. 1949चा दारूबंदी कायदा अजून आहे म्हटलं, विसरू नका. परवाना 'आरोग्य राखण्यासाठी' मिळतो. काकू बोलायला लागली की काका पाकिटातून तो काढून पुढे करायचे, "सरकार म्हणतंय, मी नाही." बीअरला 21 आणि कडक घ्यायला 25 पूर्ण हवीत, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मी तेव्हा 19 😀

सुमन_ताई
हसताय सगळे. आमच्याकडे पगाराच्या दिवशी आई त्या बारच्या समोरच्या फुटपाथवर उभी राहायची, पाकीट आत जायच्या आधी हाती लागावं म्हणून. बंद झाला त्या दिवशी तिनं चाळीत साखर वाटली.

जुना_हडपसरकर
ताई, खरंय. आमच्या आईलाही शेंगदाण्यांचं कौतुक नव्हतं.

झब्बू
🙏

डावखुरा
2 एप्रिल 2011. टीव्ही गल्ल्याच्या वर, आम्ही फुटपाथपर्यंत. धोनीचा षटकार गेला आणि कुणीतरी अंडा भुर्जीची प्लेट वर फेकली, ती पंख्यात. भुर्जी सगळ्यांच्या डोक्यावर! अण्णांनी त्या प्लेटचे पैसे लावलेच बिलात.

खमंग_काकडी
आले. वरची फॅमिली रूम आठवते का कुणाला? जिना बाजूच्या बोळातून, पडदे कळकट, पण चिकन हंडी अशी की सासूबाईसुद्धा तोंडाला रुमाल लावून यायच्या. त्या रूममध्ये आमचं लग्नानंतरचं पहिलं भांडणही झालंय.

फुरसुंगीचा_पाव्हणा
हंडीवाला आचारी सासवड रस्त्याला एका ढाब्यावर आहे म्हणतात.

खमंग_काकडी
कुठला ढाबा? रविवारी दीर येणारेत.

फुरसुंगीचा_पाव्हणा
मेव्हण्याला विचारून सांगतो. रविवारी लवकर जा, नाहीतर रस्सा संपतो.

झब्बू
आणि संकष्टी बघून घ्या आधी.