राजा बघायचा की ओंडका? (आमच्या फॅमिली ग्रुपवरून)

सुमनमावशी: अनघा, सप्टेंबरात तुझ्याकडे स्कॉटलंडला येतोय ना, तेव्हा ते पुरुष किल्ट, म्हणजे तो चौकडीचा स्कर्ट, घालून लाकडं फेकतात ते दाखव गं. राजा पण येतो म्हणे.

अनघा: ते ब्रेमार गॅदरिंग, मावशी, ब्रेमार गावचा पारंपरिक खेळांचा मेळावा. सप्टेंबरचा पहिला शनिवार. राजाचा बाल्मोरल वाडा जवळच, म्हणून राजघराणं येतं. व्हिक्टोरिया राणी १८४८ मध्ये आली होती, तेव्हापासूनचं नातं. पण तिकिटं आत्ताच काढायला हवीत. ब्रेमारला रेल्वे नाही, ॲबर्डीनहून मी गाडी काढेन.

सुधीरकाका: ओंडका किती लांब जातो?

अनघा: काका, अंतर मोजतच नाहीत! बारीक टोक ओंजळीत धरून ओंडका उभा उचलायचा, थोडं धावायचं आणि भिरकावायचा. जाड टोक आधी जमिनीला लागून ओंडका पुढे उलटला पाहिजे आणि फेकणाऱ्याच्या नाकासमोर सरळ पडला पाहिजे. घड्याळात बारा वाजतात तसा. ब्रेमारचा ओंडका १९ फूट ९ इंच, वजन साधारण ६० किलो. भल्याभल्यांचा उलटतच नाही.

सचिन: म्हणजे मल्लखांब उपटून फेकायचा 😂

अनघा: अगदी! मला तर ५६ पौंडांचं वजन एका हाताने डोक्यावरच्या आडव्या दांडीवरून टाकतात ते जास्त आवडतं. दांडी दर फेरीला वर. आणि हातोडा फेकताना पाय जागचा हलवायचा नाही, म्हणून बुटांना पाती लावून ती जमिनीत रुतवतात.

मीनलवहिनी: आणि नाच?

अनघा: जमिनीवर दोन तलवारी आडव्या-उभ्या ठेवून त्यांच्या मधल्या जागांत. पाय लागला की गुण गेले. पण एकामागून एक कार्यक्रम अशी कल्पना करू नका. एकाच मैदानात इकडे नाच, तिकडे रस्सीखेच, मधे हातोडा, कोपऱ्यात एकटा बॅगपाइपवाला परीक्षकासमोर. कुठे बघायचं तेच कळत नाही. डोंगरावर पळायची शर्यतही असते.

मीनलवहिनी: नाचच बघायचा तर ऑगस्टअखेर तिथेच ड्युनून गावी काउलचा असाच मेळावा असतो ना? या नाचाचं, म्हणजे हायलँड नाचाचं, जागतिक अजिंक्यपद?

अनघा: हो वहिनी, पण तोवर मावशीचं विमान कुठे पोहोचतंय!

सुमनमावशी: राजाबरोबर फोटो होईल का?

अनघा: लांबून, मांडवात बसलेला दिसेल. खरं सांगू? राजासाठीच यायचं असेल तर टीव्ही बरा. लाकूड बघायला या.

सुमनमावशी: बरं बाई. साडी नेसू का?

अनघा: नेस, पण खाली बूट आणि वर रेनकोट. छत्री नको, मागच्यांना दिसत नाही.

सुधीरकाका: जेवायला काय मिळतं?

अनघा: हॅगिस चाखा काका. मेंढीचं काळीज, फुप्फुस, ओट आणि मसाला.

सुधीरकाका: वा! ठरलं.

सुमनमावशी: यांचा शनिवारचा उपास असतो. साबुदाणा भिजवून ठेव गं.