चर्चा : २०२७च्या जनगणनेला कोकणातल्या चाकरमान्यांनी गावी नाव लावावं का?

लालबागकर : संदर्भ तारीख, म्हणजे लोकसंख्या ज्या दिवसाची धरतात ती, १ मार्च २०२७. माझं स्पष्ट मत, लालबाग-परळ-डोंबिवलीतल्या मंडळींनी तेव्हा गावी जाऊन तिथेच नाव लावावं. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्हा १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला, सिंधुदुर्गही घटला. डोकी कमी म्हणून रस्ता नाही, रस्ता नाही म्हणून एसटी नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात मैदानी भागासाठी ५०० लोकसंख्येची अट आहे, तीही २०११च्या आकड्यांवर. पुढच्या टप्प्याला तरी आकडा मोठा नको?

साकव : हे चुकीचं सांगताय. माणूस नेहमी राहतो तिथे मोजला जातो आणि मुद्दाम खोटी माहिती देणं १९४८च्या जनगणना कायद्याने गुन्हा आहे. बरं, एवढं करून फायदा काय? जनगणना महसुली गावाचा आकडा छापते, योजना वस्ती धरते, म्हणजे आपली वाडी. ५०० मीटरच्या अंतरातल्या वाड्यांची लोकसंख्या एकत्र धरायची मुभा मार्गदर्शक सूचनांत आहे. मधलीवाडी, गुरववाडी, बौद्धवाडी मिळून पाचशे भरत असतील तर ग्रामपंचायतीने ठराव करून तसं मांडायला हवं. भांडायचंच असेल तर पाचशेऐवजी अडीचशे लोकसंख्येच्या सवलतीसाठी भांडा. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत (आदिवासी क्षेत्र) असल्याने ती जव्हार-मोखाड्याला लागू होते; संगमेश्वर-राजापूरच्या सह्याद्रीला टेकलेल्या वाड्यांना नाही. चढ तोच, पाऊस तोच.

लालबागकर : ठराव करायला गावात माणसं तरी उरलीत का? म्हातारीकोतारी ग्रामसभेला किती येणार?

सातबारा : लोकसंख्या बसली तरी काम जमिनीवर अडतं, त्यावर कुणी बोलत नाही. योजनेत भूसंपादनाला पैसा नाही, जागा गावाने द्यायची. डांबरी पट्टा ३.७५ मीटर, वाहनं अगदी कमी असतील तर ३; पण बाजूपट्ट्या आणि गटार धरून जागा त्याच्या जवळपास दुप्पट लागते. पायवाटेला लागून ज्याचा गडगा (दगडी कुंपण), त्याच्या सातबाऱ्यावर वीस-वीस सहहिस्सेदार, निम्मे विक्रोळी-नालासोपाऱ्यात, काही वारले आणि वारसनोंद झालेलीच नाही. एकाची सही राहिली की काम ठप्प. गावाच्या मुंबईतल्या मंडळाने मतं आणि डोकी मोजण्याऐवजी आराखड्यातले गट नंबर घ्यावेत, प्रत्येकाचा सातबारा नि फेरफार काढावा, आधी वारसनोंदी कराव्यात आणि मग संमतिपत्रं गोळा करावीत. सहीची माणसं मुंबईत असतील तर ती गावच्या सरपंचाला कशी सापडणार?

लालपरी : आणि रस्ता झाला की एसटी येते हा दुसरा भ्रम. आगार भारमान बघतं, म्हणजे गाडी किती भरते ते. वडापची (खासगी प्रवासी) जीप भरली की सुटते, एसटीच्या दहा मिनिटं आधी येऊन माणसं उचलते, मग भारमान पडतं आणि फेरी बंद. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट असूनही हेच चित्र. शिवाय बारा मीटरच्या गाडीला वाडीत वळवायला जागा लागते. ओढ्यावरचा जुना साकव (छोटा पूल) तिचं वजन घेत नाही. मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकाला खोली, पाणी, शौचालय द्या. ग्रामपंचायतीने हे पत्रात लिहून दिलं तर बोलणी पुढे सरकतात.

लालबागकर : गणपतीत तर मुंबईहून गाडी थेट देवळापर्यंत येते! तेव्हा कशी वळते?

लालपरी : ती गट आरक्षणाची, अख्खी भरलेली, वर्षाकाठी एकदा. तीन पोरं आणि दोन आजारी माणसं घेऊन रोज सकाळी साडेसहाला सुटायची ती वेगळी. पावसात दरड येऊन फेरी थांबते, ती दिवाळीनंतर परत सुरू व्हावी म्हणून आगाराला अर्ज द्यावा लागतो. तो कुणी देत नाही.

लालबागकर : अर्ज देऊ. पण आकड्याचा मुद्दा मी सोडलेला नाही. आरोग्य उपकेंद्रही लोकसंख्येवरच मोजतात.

साकव : मग तिथे कायमचे राहायला जा, नाव आपोआप लागेल.