मदत हवी आहे: 'बँक' आणि शाळेतला 'बाक' एकाच घरातले का?

नववीच्या मुलांसाठी एकेका इंग्रजी शब्दावर पानभर मजकूर तयार करतोय. सध्या 'बँक'वर अडलोय.

इंग्रजी बाजू बरीचशी जुळली आहे. पैशांची बँक इटालियन 'बांका', 'बांको'वरून फ्रेंचमार्गे आली. सराफ ज्या बाकड्यावर नाणी मांडून बसत, ते हे बाकडं. नदीकाठाची बँक मात्र स्कँडिनेव्हियातून आली, म्हणून कोशात दोन्ही नोंदी वेगळ्या असतात. गंमत म्हणजे इटालियन शब्दही मुळात जर्मानिकच, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या भाषाकुळातला, इंग्रजी 'बेंच'चा सख्खा भाऊ. विमान वळताना एका अंगाला कलतं, तेही 'बँक'च. तो अर्थ काठाच्या उतारावरून आला. दिवाळखोराचं बाकडं मोडत असत, म्हणून 'बँकरप्ट', ही गोष्ट मात्र मी गाळलीय. शब्द 'मोडलेलं बाकडं' यावरूनच आला, पण खरोखर कुणी ते मोडत असे हे पटत नाही.

अडचण मराठीची. आपला 'बाक' पोर्तुगीज 'बांको'वरून आला असं वाचलंय, आणि चावी, पगार, फीत तिथूनच आले म्हटल्यावर ते पटतंही. पण 'पाठीला बाक आलाय' मधला बाक संस्कृत 'वक्र'कडे जातो. मुलं हे दोन्ही एकच समजणार. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाताशी आहे, कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश गावात मिळत नाही.

ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी कृपया पाहून सांगाल का, त्यात बसायच्या 'बाक'चं मूळ पोर्तुगीजच दिलंय की आणखी काही?