जेन स्विसहेल्म: मुलीला किती सांगू?

मिसिसिपीकाठ:
लेकीला शाळेत मिनेसोटातल्या एका बाईवर दहा मिनिटं बोलायचंय. मी जेन ग्रे स्विसहेल्म सुचवली. १८५७ साली नवऱ्याला सोडून, लहान मुलीला घेऊन ती पिट्सबर्गहून सेंट क्लाउडला आली. तेव्हा इथे सगळं नव्यानेच वसत होतं. तिने पेपर चालवायला घेतला आणि गावचा पुढारी सिल्व्हेनस लोरी गुलाम बाळगतो म्हणून त्याला धारेवर धरलं. मार्च १८५८ मध्ये लोरी आणि त्याच्या साथीदारांनी रात्री छापखाना फोडला, छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरं) रस्त्यावर आणि नदीत फेकले. लेक जेवण विसरून ऐकत होती.

पण १८६२ मध्ये डकोटा, म्हणजे इथले मूळ रहिवासी, आणि अमेरिकन सरकार यांच्यात युद्ध झालं. त्यानंतर याच बाईने डकोटांचा नायनाट करा असं लिहिलं. वाचून पोटात कालवलं. लेकीच्या वर्गात एक डकोटा मुलगा आहे. हे सांगू की गाळू?

खिळेवाला:
माझे वडील छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. एकदा खिळ्यांची केस पालथी झाली, तर दोघं जण रात्रभर जमिनीवर बसून एकेक खिळा दिव्याशी धरत, उलटं अक्षर ओळखून खणात टाकत होते. नदीत गेलेले खिळे कोण वेचणार? गावाने सभा घेऊन नव्या छापखान्यासाठी पैसे उभे केले, हे लेकीला जरूर सांगा. पुढे लोरीच्या गटाकडून दहा हजार डॉलरच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची धमकी आली. 'हा पेपर त्या प्रकरणावर लिहिणार नाही' असं कबूल करावं लागलं. तिने तो पेपरच बंद केला, 'सेंट क्लाउड डेमोक्रॅट' काढला आणि त्यात सगळं पुन्हा छापलं! १८५० मध्ये अमेरिकन सिनेटच्या पत्रकार कक्षात बसलेली पहिली बाई ती, उगाच नाही.

सुमन_ताई:
अजिबात गाळू नका. सरकारने जमिनींच्या करारात कबूल केलेले पैसे वेळेवर आले नाहीत, डकोटांची उपासमार झाली, तेव्हा युद्ध पेटलं. २६ डिसेंबर १८६२ ला मिनेसोटातल्याच मँकाटोत ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी दिली. त्या मुलाच्या घरी ही तारीख सगळ्यांना ठाऊक असेल. तुमच्या लेकीने ती टाळली, तर तो काय समजेल?

मिसिसिपीकाठ:
ताई, रात्री तिला सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, गावाने वर्गणी काढून उभा केला त्याच छापखान्यात हे छापलं?" हो म्हटलं. आता भाषणाची सुरुवात ती याच प्रश्नाने करणार आहे.